भोंग्याला ये

लालबागला माझी मावशी ज्या चाळीत राहते तिथे अजून "भोंग्याला ये" असं म्हणतात. भोंग्याला म्हणजे दुपारी साडेतीनला. गिरणीची पहिली पाळी तेव्हा सुटायची आणि दुसरी लागायची. त्या भागातले भोंगे बंद पडून एक पिढी उलटली. गॅलरीतून पूर्वी चिमण्या दिसायच्या, तिथे आता काचेचे टॉवर उभे आहेत. तरी शिवून झालेलं ब्लाऊज न्यायला शेजारणीला बोलवायचं असलं की मावशी गॅलरीतूनच सांगते, "भोंग्याला ये गं." आणि शेजारीण साडेतीनला येते.

मी चित्रं, शिल्पं, मांडणशिल्पं बघत फिरते आणि त्यांच्याविषयी लिहिते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कलादालनांच्या भिंतींवर जे शब्द मी सगळ्यात जास्त वाचले त्यांत 'स्मृती' हा शब्द वरचा असेल. त्याच्या सोबतीला 'काळ' असतो आणि हल्ली 'सामूहिक' हाही. हे शब्द वाचताना माझ्या मनात दरवेळी मावशीची गॅलरी येते. कलादालनात स्मृतीबद्दल बोललं जातं ते बहुधा ठेवीसारखं: कुठेतरी काहीतरी साठलेलं आहे, ते हरवण्याआधी गोळा करायचं आहे, जपायचं आहे. मावशीच्या चाळीत कुणी काही गोळा केलेलं नाही. भोंग्याचं ध्वनिमुद्रण कुणाकडे नाही, त्याचा फोटो नाही. एक वेळ आहे आणि ती वेळ पाळणारी माणसं आहेत.

मराठीत आठवण येते, आपण ती काढतो, ठेवतो, कुणाला करून देतो. वेळ मात्र पाळतो. शब्द पाळतो, पथ्य पाळतो, सुतक पाळतो, बंद पाळतो. पाळायची गोष्ट कपाटात ठेवून भागत नाही, ती वागण्यात आणावी लागते. आणि बहुतेक वेळा एकट्याने पाळून तिला अर्थ येत नाही. सुतक घराने पाळायचं असतं, बंद गावाने. आठवणीचंही तसंच आहे असं मला दिवसेंदिवस जास्त पटत चाललं आहे. स्मृतीवर काम करणाऱ्या आजच्या कलेतलं जे मला खरं वाटतं, जे घरी आल्यावरही सोबत राहतं, ते सगळं या 'पाळण्या'च्या जातीचं आहे.

'पाळी' हा शब्दही मला त्याच घरातला वाटतो. गिरणगावातल्या खोल्यांमध्ये एकेका गावचे पंधरा-वीस पुरुष राहत. सगळे एकदम झोपू शकत नसत, तशी गरजही नसे, कारण पाळ्या वेगळ्या. एकाने वळकटी गुंडाळली की त्याच जागेवर दुसऱ्याची पसरायची. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी आत झोपलेला असला की गॅलरीत खेळणाऱ्या मुलांना दटावलं जाई. नळावर धुणं आपटायचं नाही, रेडिओ मोठा करायचा नाही. माझ्या आईच्या लहानपणच्या आठवणींत हे कुजबुजणं फार आहे. झोपलेला माणूस कोण, हे मुलांना पुष्कळदा माहीतही नसे. पाळी कुणाची आहे एवढंच माहीत असे.

यात स्वप्नाळू होण्यासारखं काही नाही, हेही सांगायला हवं. भोंगा मालकाचा होता. तो उशिरा आलेल्याची मजुरी कापायचा, बदली कामगाराला दारावर ताटकळत ठेवायचा. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांनी ज्या गोष्टींना नकार दिला त्यांत तो आवाजही होता. पण त्याच आवाजावर बायका भात चढवायच्या, मुलांना शाळेत धाडायच्या, खानावळीतले डबे भरायच्या. हुकूम मालकाचा होता, त्यावर बसवलेलं आयुष्य मात्र चाळीचं. वरून लादलेला काळ आणि खालून वापरात आणलेला काळ असे दोन काळ एकाच आवाजात राहत होते.

मुंबईने वेळेसाठी उघड भांडणही केलेलं आहे. 1 जानेवारी 1906 पासून सरकारने ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ लागू केली. मुंबईची स्वतःची वेळ, म्हणजे सूर्य या शहराच्या माथ्यावर येतो त्यावरून धरलेली, ग्रीनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे होती. फरक 39 मिनिटांचा. कचेरीत बसणाऱ्याला किरकोळ वाटेल असा. पण ज्याला पहाटेच्या अंधारात गिरणीच्या दारात उभं राहायचं होतं त्याच्या झोपेतूनच ही 39 मिनिटं जाणार होती. त्या जानेवारीत गिरणी कामगारांनी माग बंद ठेवले, दगडफेक केली. शहरात सभा झाल्या, हजारो सह्यांचे अर्ज गेले. महापालिकेने आपली घड्याळं मुंबईच्या वेळेवरच ठेवली आणि पुढे कित्येक दशकं ती तशीच चालली. देश स्वतंत्र झाला त्या रात्रीही मुंबईत दोन वेगवेगळ्या वेळा चालू होत्या. वेळ ही निसर्गाची गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. या शहरातल्या माणसांना मात्र एकेकाळी नीट कळलं होतं की ती माणसांनी ठरवलेली गोष्ट आहे, आणि ठरवणाऱ्यांत आपण नाही.

हे भांडण माझ्या मनात पुन्हा जागं झालं ते दिल्लीच्या रक्स मीडिया कलेक्टिव्हच्या एका कामामुळे. जीबेश बागची, मोनिका नरूला आणि शुद्धब्रत सेनगुप्ता या तिघांनी 1992 मध्ये रक्स सुरू केलं. तेव्हापासून त्यांच्या कामाखाली एकच नाव असतं. चित्रकार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक माणूस आणि कोपऱ्यातली त्याची सही येते. इथे तीन माणसं तीस वर्षांहून अधिक काळ एकत्र विचार करतात आणि कोणता विचार कुणाचा हे सांगायची त्यांना गरज वाटत नाही. आपल्या ओव्या, म्हणी, पोवाड्यांच्या चाली अशाच बिनसहीच्या आहेत, म्हणून मला त्यात नवल कमी आणि ओळख जास्त वाटते.

त्यांचं 2009 मधलं 'एस्केपमेंट' हे काम म्हणजे 27 घड्याळं. भिंतीवर ओळीने लावलेली, एकेका शहराच्या नावाची, विमानतळावर किंवा मोठ्या हॉटेलात असतात तशी. त्यांतली तीन शहरं नकाशावर नाहीत: बाबेल, शांग्रिला आणि माकोंदो. तबकड्यांवर आकडे नाहीत. एक ते बाराच्या जागी बारा शब्द आहेत: चिंता, कर्तव्य, अपराधीपणा, उदासीनता, विस्मय, थकवा, गतकाळाची ओढ, हर्ष, भीती, घबराट, पश्चात्ताप, साक्षात्कार. काटे चालू असतात. एखाद्या शहरात विस्मयाला काही मिनिटं कमी असतात, त्याच क्षणी दुसरं शहर थकव्यातून पुढे सरकत असतं. खोलीत हृदयाच्या ठोक्यांसारखा आवाज असतो.

हे काम कल्पक आहे, पण मला त्याच्यापाशी थांबवलं ते त्याच्या नावाने. एस्केपमेंट हा यांत्रिक घड्याळातला एक भाग. गुंडाळलेल्या स्प्रिंगची ताकद एकदम सुटू नये म्हणून तो दातेरी चाकाला अडवतो, एक दाता पुढे सोडतो, पुन्हा अडवतो. तो नसेल तर चावी दिलेली स्प्रिंग क्षणात भिरभिरत मोकळी होईल आणि काटे कुठेही जातील. आपण जिला टिकटिक म्हणतो तो या अडवण्याचा आवाज आहे. घड्याळात काळ वाहतो असं म्हणायची आपली पद्धत, पण घड्याळातला आवाज वाहण्याचा नसून थोपवण्याचा आहे, हे मला त्या नावामुळे कळलं. आठवण हे काळाचं असंच अडवणं असेल का? सगळं भिरभिरत सुटू नये म्हणून मध्येच धरलेला, मग सोडलेला, पुन्हा धरलेला एक दाता?

त्या 27 घड्याळांमध्ये लालबागचं घड्याळ नाही. मी मनात ते लावून पाहिलं. पहाटे कुठला शब्द, साडेतीनला कुठला, मध्यरात्री तिसरी पाळी लागताना कुठला. माझ्या आजीच्या तबकडीवर आणि आजोबांच्या तबकडीवर एकाच वेळी वेगवेगळे शब्द असणार. आजोबा साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, त्यांचा साडेतीन थकव्याचा. आजीचा साडेतीन दाराकडे बघण्याचा, कारण साच्यावर बोटं जायची, धोटा उडून डोळ्याला लागायचा, आणि माणूस धडधाकट घरी आला की मगच तिचा दिवस पुढे चालू व्हायचा. चांगलं काम बघणाऱ्याच्या हाती एक कोरी तबकडी देतं आणि शब्द भरायची पाळी त्याच्यावर येते.

रक्सचं दुसरं एक काम आकाराने लहान आहे, पण मला ते जास्त मोठं वाटतं. 1858 साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या कामाला लागणारा माल पुरवण्याचा करार राज्यधर कोनाई या स्थानिक माणसाशी केला. कोनाईने नंतर करार नाकारू नये म्हणून हर्शेलने त्याच्या उजव्या हाताला शाई लावून तो कागदावर उमटवून घेतला. त्याला धाक बसावा हाच हेतू होता, असं हर्शेलनेच पुढे लिहून ठेवलं. या ठशापासून बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याच्या सरकारी पद्धतीचा इतिहास सुरू होतो. तो ठसा पुढे फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञाकडे गेला आणि लंडनच्या संग्रहात राहिला. कोनाईच्या बाकीच्या आयुष्याचं काय झालं ते त्या संग्रहात नाही. त्याचा चेहरा नाही. हात आहे.

2011 मध्ये रक्सने त्या ठशाला हलवलं. पडद्यावर तो जुना, रेघांनी भरलेला पंजा दिसतो आणि मग त्याची बोटं हळूहळू मिटतात, उघडतात. तो मोजतोय. लहान मूल बोटांवर मोजतं तसा, किंवा बाजारात हिशेब करणारी बाई मोजते तसा. एवढंच. दीडशे वर्षं ज्या हाताची दुसऱ्यांनी मोजदाद केली तो हात आता स्वतः मोजतो. काय मोजतो ते आपल्याला सांगितलं जात नाही. कदाचित थकलेली मजुरी असेल, कदाचित वर्षं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझीही बोटं नकळत मिटली होती. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी मुलाचीही.

कागदावर धरून ठेवलेली आठवण कुणाची, हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. ते प्रामुख्याने मागत होते कर्जरोखे आणि वह्या. जिथे कागद मुकाट्याने हाती आले तिथे फारसं काही झालं नाही. ते बाहेर आणून जाळले गेले. हे लोण आसपासच्या पुणे आणि नगरच्या गावांत पसरलं. ज्यांना स्वतः लिहिता-वाचता येत नव्हतं, ज्यांचे अंगठे त्या कागदांवर होते, त्यांना अचूक ठाऊक होतं की आपल्याविषयीची एक आठवण दुसऱ्याच्या कपाटात आहे, ती व्याजाने वाढते आहे, आणि ती आपल्या पोरांनाही आठवणीत ठेवणार आहे. त्यांनी मिळून एक विसरणं घडवलं. म्हणून 'स्मृती जतन करा' हे वाक्य मी कधी सरसकट मान्य करू शकत नाही. आधी विचारावंसं वाटतं, कपाटाची किल्ली कुणाकडे आहे?

सुप्याच्या लोकांनी कागद जाळला. रक्सने कागद तसाच ठेवून त्यातला हात सोडवला. दोन्ही कृत्यांमध्ये मला एक नातं दिसतं. दोन्हींत एकट्या माणसावर टाकलेलं ओझं अनेकांनी मिळून उचललेलं आहे.

या 'अनेकांनी मिळून'चा सगळ्यात थेट अनुभव मला मुंबईच्याच शिल्पा गुप्ता यांच्या एका ध्वनिकामात आला. 2018 च्या कोची-मुझिरिस बिएनालेत मी ते ऐकलं. अंधारलेल्या खोलीत शंभर मायक्रोफोन वरून लोंबकळत असतात आणि त्यांच्याखाली शंभर लोखंडी सळ्या उभ्या. प्रत्येक सळीच्या टोकावर एक कागद खुपसलेला, त्यावर एका कवीच्या ओळी. सातव्या शतकापासून आजपर्यंत ज्यांना आपल्या लेखनापायी किंवा मतांपायी तुरुंगात जावं लागलं असे हे शंभर कवी, वेगवेगळ्या भाषांतले. मायक्रोफोन बोलणाऱ्याचा आवाज घेण्यासाठी असतो. इथे तो उलटा केलेला आहे, त्यातूनच आवाज येतो. एका मायक्रोफोनमधून एक जण ओळ म्हणतो. मग बाकीचे त्याच्या मागून ती म्हणतात. आवाज खोलीभर फिरतो, पाठीमागून येतो, कानाशी कुजबुजतो, विरतो, आणि दुसऱ्या कोपऱ्यातून दुसरी भाषा सुरू होते.

मी तिथे उभी होते आणि मला दुसरं काही आठवेना, फक्त झीलकरी आठवले. पोवाड्यात शाहीर पुढे उभा राहतो, पण पोवाडा उभा राहतो तो मागच्यांवर. शाहिराने ओळ टाकली की ते तिची झील धरतात. गोष्ट पुढे नेणं हे त्यांचं काम नाही. आत्ता म्हटलेलं हवेत टिकवून धरणं, शाहिराला श्वास घ्यायला जागा देणं, ऐकणाऱ्याच्या मनात ते बसायला वेळ देणं, हे त्यांचं काम. झील कमी पडली तर चांगला शाहीरही धापा टाकतो. त्या खोलीत एकेका तुरुंगातल्या माणसाच्या ओळीला झील धरलेली होती, तीही अशांनी ज्यांना ती भाषा येत असेलच असं नाही. शतकांचं अंतर होतं, देशांचं होतं. एकट्या कोठडीत लिहिलेली ओळ तिथे एकटी राहिलेली नव्हती. मी बराच वेळ उभी राहिले. अरबी मला येत नाही, रशियनही येत नाही. तरी तिसऱ्या-चौथ्या वेळी माझे ओठ हलू लागले.

स्मृती म्हणजे काय हे समजावणारी बरीच पुस्तकं मी चाळली आहेत. झीलकऱ्यांनी शिकवलं तेवढं त्यांच्यातून मिळालं नाही. आठवणीला मूळ आवाज लागतोच, पण ती जगते मागून म्हणणाऱ्यांच्या दमसासावर.

याच्या उलट बाजूचा एक प्रसंग सांगते. मावळातल्या माझ्या आत्याला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येतात असं सगळे म्हणायचे. एकदा मी फोन समोर धरून तिला म्हटलं, आत्या, म्हण ना. तिने दोन म्हटल्या, तिसरी अर्धी राहिली. "आठवत नाही गं," म्हणाली आणि ओशाळली. मग माझ्या चुलत वहिनीने पडवीतलं जुनं जातं ओढून आणलं, खुंटा ठोकून बसवला, मूठभर तांदूळ घातले. आत्याने खुंटा धरला, दुसऱ्या बाजूला वहिनी बसली. जातं फिरायला लागलं आणि ओव्या यायला लागल्या, एकीतून दुसरी, तासभर. तिच्या आठवणी डोक्यात नव्हत्याच जणू. त्या दंडात होत्या, जात्याच्या घरघरीत होत्या, आणि समोर बसलेल्या दुसऱ्या बाईत होत्या. एकटीने जातं ओढताना ओवी म्हणतातही, पण दोघी असल्या की ती थांबत नाही.

गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऐकता येतात. हे काम झालं नसतं तर किती गेलं असतं याची कल्पनाही करवत नाही, आणि त्याच्यापुढे मी मनापासून नतमस्तक आहे. पण गावात पिठाची गिरणी आली आणि पहाटेचं दळण थांबलं, तेव्हा ओवी ज्या वेळेत राहत होती ती वेळच गेली. बायकांची पाठ आणि खांदे सुटले, हेही तितकंच खरं. त्यांना पुन्हा जात्याला जुंपावं असं कुणी म्हणू नये. संग्रहाने ओवी वाचवली. आता तिला नवी वेळ कोण देणार, दुसऱ्या बाजूला कोण बसणार, हा प्रश्न संग्रहाने सुटत नाही. आजच्या कलावंतांपुढे मला तो दिसतो.

म्हणूनच काही कामांपाशी मी थांबत नाही. पत्र्याची जुनी ट्रंक, गंजलेला कंदील, कुणा अनोळखी कुटुंबाचे पिवळे फोटो मांडून ठेवलेले असतात आणि खाली 'स्मृती' लिहिलेलं असतं. वस्तू खऱ्या असतात, दुःखही खरं असेल. पण समोर उभ्या राहणाऱ्याला त्यात काही करायला दिलेलं नसतं. तो हळहळतो आणि पुढच्या खोलीत जातो. गिरण्यांच्या जागी झालेल्या दुकानांच्या संकुलांत एखादी चिमणी शोभेसाठी ठेवलेली दिसते तेव्हाही मला हेच वाटतं. चिमणी जपली, पाळी गेली.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा प्रभाकर पाचपुते हा चित्रकार मला या बाबतीत फार विश्वासू वाटतो. सास्ती कोळशाच्या खाणीचं गाव. त्याच्या घरच्यांनीही खाणीत काम केलं. तो कोळशाने काढतो. कागदावर, कॅनव्हासवर आणि पुष्कळदा थेट भिंतीवर. माणसाच्या धडावर डोक्याच्या जागी अवजार येतं, दिवा येतो. शेतकऱ्याचं अंग आणि पोखरलेली जमीन एकमेकांत मिसळतात. 2022 च्या व्हेनिस बिएनालेपर्यंत ही चित्रं पोचली. पण माझं मन अडकतं ते त्याच्या भिंतींवर. प्रदर्शन संपलं की भिंत पुन्हा रंगवली जाते आणि चित्र जातं. विदर्भातल्या भूगर्भातला कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना, कुठल्या तरी दलदलीतल्या झाडांचा. तो उपसायला माणसाची दोन-तीन आयुष्यं. आणि काळ्या रेघांचं चित्र महिना-दीड महिन्याचं. हे तीन काळ एका भिंतीवर भेटतात आणि मग भिंत पांढरी होते. पुढच्या गावी त्याला पुन्हा सगळं काढावं लागतं, हात पुन्हा काळे करावे लागतात. रात्रपाळीसारखं. ती भिंत पुसली जाते याचं मला पूर्वी वाईट वाटे. आता वाटतं, जे पुन्हा काढावं लागतं तेच हातात राहतं.

अशा वापरातून टिकलेल्या आठवणीचा एक मोठा दाखला मुंबईत रोज बसमधून जाताना भेटतो. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा काळा पुतळा 1965 मध्ये चौकातून हलवला आणि राणीच्या बागेत नेला. चौकाचं नाव मात्र काळा घोडाच राहिलं. पन्नास वर्षांहून अधिक काळ तिथे घोडा नव्हता, राजा नव्हता, तरी कंडक्टर ओरडायचे, लोक उतरायचे, भेटायच्या जागा ठरायच्या. राजाचं नाव लोकांनी कधी घेतलंच नव्हतं. त्यांनी घोडा ठेवला आणि स्वार सोडून दिला. 2017 मध्ये त्या भागात नवा घोडा बसवला तोही स्वाराशिवाय. मूर्तिकाराच्या आधी हे शिल्प बसच्या रांगेतल्या लोकांनी घडवलं होतं असं मी म्हणेन.

गेल्या उन्हाळ्यात मावशीकडे गेले होते. चाळ पुनर्विकासात जाणार, कागदपत्रांवर सह्या झाल्या आहेत, सामान कुठे हलवायचं याचं बोलणं चालू होतं. मावशीची नात सुट्टीला आलेली. मावशीने तिला सांगितलं, "जा, वरच्या काकूंना म्हणावं भोंग्याला या." पोरगी निघाली आणि दारातून परत फिरली.

"आजी, भोंगा म्हणजे कसा गं वाजायचा?"

ती लहानपणापासून हा शब्द वापरत होती. पहिल्यांदाच तिला प्रश्न पडला होता. मावशीने शिलाई मशीन थांबवलं आणि तोंडाने आवाज काढून दाखवला, जरा लाजत, वर चढत जाणारा. शेजारच्या खोलीतले आजोबा गॅलरीत पेपर वाचत होते. ते तीस वर्षं साच्यावर होते. "छे, असा कुठे?" म्हणत ते उठले, कठड्याला धरून उभे राहिले आणि पोटातून एक जाड, सरळ सूर लावला. तोपर्यंत खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "दादा, तो तुमच्या गिरणीचा! आमचा असा!" आणि तिसराच आवाज आला, मध्ये एकदा तुटणारा. समोरच्या गॅलरीतल्या बाई हसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, तुटायचा तो फक्त रात्रीचा. त्यावर वाद सुरू झाला. दोन्ही मजल्यांवर दारं उघडत गेली.

पोरीने मोबाइल बाहेर काढला होता. तो तसाच हातात ठेवून तिने गाल फुगवले आणि स्वतः आवाज लावून पाहिला. मध्येच दम संपला.

"अजून लांबव," आजोबा म्हणाले. "लगेच सोडायचा नाही." आणि तिच्याबरोबर त्यांनी पुन्हा सूर धरला.